सवतीची वही

६ फेब्रुवारी, शुक्रवार

“सवतीला बाहेर काढायचंय. रविवारी ये.” — ताईचा फोन. एवढंच! नमस्कार नाही, चमत्कार नाही.

सवत म्हणजे भावोजींची गाडी. वय वर्षे चौदा, धाव नऊ हजार किलोमीटर. भावोजी गाडी चालवत नसत, बाळगत. रोज पुसायची, रविवारी धुवायची, महिन्यातून एकदा फिरवून आणायची आणि आणली की परत पुसायची. “लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या पाठीवरून कधी इतका हात फिरला नाही,” असं ताई म्हणायची आणि गाडीला सवत म्हणायची. भावोजींना ते नाव आवडायचं, हे विशेष. पाच वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून सवत शेडमध्ये, खाकी आच्छादनाखाली. सुतकात असल्यासारखी.

आता ती का हवी? ताईची शाळा — कर्णबधिर मुलांची — एकोणीस किलोमीटर लांब. तिथे जाणारी एकच बस, चौदा नंबरची. ती २ मार्चपासून बंद होणार, असं जानेवारीत छापून आलं. आमच्याच पेपरात. मला मात्र ते ताईकडून कळलं! आपला मजकूर सोडून आपला पेपर वाचायचा नाही — सव्वीस वर्षं कोर्टाच्या बातम्या देऊन एवढं एकच तत्त्व मी कमावलं आहे. घरात पेपर वाचते ती ही, माझी बायको. पहिल्या ओळीपासून निविदांपर्यंत.

बस नाही, तर शाळा नाही. शाळा नाही, तर भाचा म्हणतो तसं घराला कुलूप लावून त्याच्याकडे सातव्या मजल्यावर जायचं, “आरामात” राहायचं. ताई म्हणते, “मेल्यावर आराम सक्तीचाच आहे. आधी कशाला घाई?” निवृत्तीला तिला दोन वर्षं आहेत. मुद्दा एवढाच — सवत उठली तर ताई राहील. नाही उठली तर ताई जाईल.

७ फेब्रुवारी, शनिवार

भाच्याचा फोन. “मामा, या वयात ती एकटी गाडी घेऊन जाणार? तीसुद्धा पाच वर्षं धूळ खात पडलेली? गाडी आता होण्यासारखी नाही, असं तूच सांग ना तिला. तुझं ऐकते ती.”

माझं! ताई! पोरगा परगावी राहून भोळा झाला आहे.

मी म्हणालो, “बघतो.” ‘बघतो’ हे मोठं सोयीचं क्रियापद. सकर्मक असून कर्म विचारत नाही. पण वहीत खोटं कशाला — मला त्याचं पटलं होतं. रस्त्यावरचे ट्रक मी रोज कोर्टात बघतो, पंचनाम्याच्या रूपात. मला स्वतःला गाडी येत नाही, स्कूटरवरच जन्म गेला. मिस्त्रीने एकदा मान हलवावी, ‘संपली’ म्हणावं, म्हणजे माझ्या तोंडाला विटाळ नको. अशी इच्छा मनात आली. आली ती आली.

८ फेब्रुवारी, रविवार

आच्छादन काढलं. खाली गाडी — लख्ख! टायर मात्र बसलेले, चारही. पुढच्या काचेवर एका कोळ्याने पाच वर्षांची कष्टाची कमाई मांडलेली. बॉनेट उघडलं तर हवेच्या गाळणीत उंदराचं घरटं. कापूस, सुतळी आणि माझ्याच पेपरचे तुकडे. निदान कोणीतरी तो आतपर्यंत पोचवला.

ताई झाडू घेऊन उभी. “काय पंडित, श्लोक म्हणायचाय का तिच्यासमोर, का हात लावायचाय?” (पंडित म्हणजे मी. पाठशाळेत आठ वर्षं काढल्याची शिक्षा.)

मी किल्ली लावणार तेवढ्यात ती ओरडली, “नाही हं! मिस्त्री आल्याशिवाय चालू करायची नाही. हे नेहमी सांगायचे.” ‘हे’ म्हणजे भावोजी. अजून वर्तमानकाळात असतात ते.

मग पुढच्या कप्प्यात वही सापडली. लहान, निळी, भावोजींचं मोत्यासारखं अक्षर. सर्व्हेअर माणूस, नकाशे काढायचे. अक्षरसुद्धा मोजून. आणि भाषा? भाषा माझी! विसरलोच होतो. गाडी नवी होती तेव्हा त्यांची थट्टा करायची म्हणून मी तिच्या अवयवांना संस्कृत नावं दिली होती. मी हसून मोकळा झालो. त्यांनी ती मनावर घेतली — “वही ठेवायची तर भाषापण ठेवणीतली हवी.” ब्रेक म्हणजे निग्रह. क्लच म्हणजे वियोग. काचेवरचे वायपर — अश्रुमार्जनी. इंजिनातलं तेल म्हणजे स्नेह.

“स्नेह बदलला. आधीचा काळा पडला होता.”

ताईने ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “चावट होता हो तुझा भावोजी,” आणि काच पुसायला लागली. पुसलेलीच काच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मिस्त्री आले. साठीचे, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, बोलणं मोजकं. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, “चालती गाडी झिजते, उभी गाडी कुजते.”

झालं, म्हटलं. आता मान हलणार.

“पण ही कुजलेली नाही,” ते म्हणाले. “नुसती झोपलीय.”

मला वाईट वाटायला हवं होतं. बरंच वाटलं. मन म्हणजे मोठं बेभरवशाचं खातं!

मग मिस्त्रींनी एका पुठ्ठ्यावर यादी केली. टाकीतलं जुनं पेट्रोल काढायचं. तेल, इंजिन गार ठेवायचं पाणी, ब्रेकचं तेल, सगळं बदलायचं. किती धावली हे विचारायचं नाही, किती वर्षं झाली ते बघायचं. रबराची प्रत्येक नळी दाबून बघायची. शेवटी म्हणाले, “आता मुख्य गोष्ट. टायमिंगचा पट्टा कधी बदललाय?”

मी वही उघडली. पानं उलटली. सापडलं! सहा वर्षांपूर्वीची नोंद. मी वाचून दाखवलं, “मेखला नवी.”

“मेखला काय असतं?”

“मेखला म्हणजे पट्टा. कमरेचा.”

“टायमिंगचाच ना?”

“पट्टा म्हणजे पट्टा. बदललाय.”

मिस्त्रींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “सहाच वर्षं म्हणजे अजून दोनेक वर्षं हरकत नाही. तो बघायचा तर अर्धं इंजिन उघडावं लागतं. लिहिलेलं आहे ना नक्की?”

“छापल्यासारखं,” मी म्हणालो.

त्यांनी यादीतली ती ओळ खोडली.

११ फेब्रुवारी, बुधवार

जुनं पेट्रोल काढलं. वास वार्निशसारखा. मिस्त्री म्हणतात, पेट्रोलही शिळं होतं. मला वाटायचं फक्त बातम्याच.

१४ फेब्रुवारी, शनिवार

टायरची नक्षी कोरीकरकरीत. मी म्हटलं, हे तरी ठेवू. मिस्त्रींनी टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनलं ते त्यात असतं. मग अंगठ्याने रबर वाकवलं. बारीक बारीक भेगा. “वरून तरणं, आतून म्हातारं,” म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणायची गरज नव्हती.

नवे टायर, नवी बॅटरी, नवा स्नेह. संध्याकाळी पाचला किल्ली फिरवली. एकदा खोकली. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्यांदा — चालू! शेड थरथरली, कोळी पळाला. ताई दाराशी उभी होती. तिने पत्र्याला तळहात लावला आणि तसाच ठेवला. तिच्या शाळेतल्या मुलांना ती असंच शिकवते, ढोलाला हात लावून.

“बोलते आहे,” म्हणाली.

१५ फेब्रुवारी, रविवार

बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात ताईचा सराव. मी शेजारी, पट्टा बांधून, डोळे मिटून. परवाना तिने गेल्या वर्षीच नवा करून घेतला होता! “असावा म्हणून,” म्हणाली. मागे भावोजी असताना कधीमधी चालवायची, पण ते शेजारी बसून इतकं दचकायचे की तिने नाद सोडला. आज तीन वेळा बंद पडली. ताई नव्हे, गाडी. चौथ्यांदा वियोग असा अलगद सोडला की मला कळलंसुद्धा नाही. बारा फेऱ्या झाल्या. मागे घेताना एक रिकामं पिंप आडवं केलं. “ते आधीच आडवं होतं,” असं तिचं म्हणणं.

पुढच्या कप्प्याचं झाकण खडखडत होतं, खटका सैल झाला आहे. मी म्हटलं, मिस्त्रींना सांगू. “एवढ्याला मिस्त्री कशाला?” पर्समधून वर्तमानपत्राची जाड घडी काढली, फटीत दाबून बसवली. आवाज बंद. बाई माणसाला निग्रहापेक्षा युक्ती बरी सुचते.

१८ फेब्रुवारी, बुधवार

भाचा पुन्हा. “सांगितलंस का?” — “बघतो.” फोन ठेवल्यावर ही पेपरातून डोकं वर काढून म्हणाली, “वन्सं हुशार आहेत हो.” कशावरून, ते सांगेना. हसली मात्र.

२३ फेब्रुवारी, सोमवार

क्रमाने लिहितो.

आज ताई पहिल्यांदा एकटी शाळेत गाडीने. साडेआठला निघाली. मी निरोप द्यायला गेलो होतो. फाटकातून नेमकी बाहेर पडली, कोपऱ्यावर दिवा देऊन वळली. मला अभिमान वाटला. काय केलं होतं मी? तरी वाटला.

वही तिने टेबलावरच ठेवली होती. आजची नोंद करून ठेव म्हणाली, “तुझ्या देवभाषेत.” कोर्टाला वेळ होता. बसलो. स्नेह, निग्रह आठवत होते. पण आरशाला काय म्हटलं होतं आपण? आठवेना. म्हणून शेवटचं पान उघडलं. तिथे शब्दांची यादी. माझ्याच अक्षरात, चौदा वर्षांपूर्वीची!

आरसा — पृष्ठदर्शी.
फॅन बेल्ट — मेखला.
टायमिंग बेल्ट — कालपाश.

तीनदा वाचलं. कालपाश. षष्ठी तत्पुरुष, काळाचा फास. तेव्हा या शब्दावर मी आणि भावोजी पोट धरून हसलो होतो. ‘टायमिंग’ म्हणजे काळ, आणि तुटला की यमाचाच फास! वाहवा, पंडित!

मग वही पहिल्यापासून चाळली. मेखला एकदा. कालपाश — एकदाही नाही. म्हणजे फास मूळचाच. चौदा वर्षांचा. टायर चौदा वर्षांचे म्हणून फेकले आम्ही, आणि हा आत तसाच फिरतो आहे. आणि मी ‘छापल्यासारखं’ म्हणालो होतो.

मिस्त्रींना फोन. सगळं ऐकून घेतलं. मग, “कुठाय गाडी?”

“रस्त्यावर.”

“थांबवा. तो सांगून तुटत नाही. तुटला की इंजिन आतल्या आत मोडतं, गाडी जागेवर. मागून कोण येतंय त्यावर सगळं.”

मागून कोण येतं ते मला पाठ आहे. सव्वीस वर्षं लिहितो आहे.

ताईला फोन. घंटा जाते आहे, उचलत नाही. चालवताना फोन घ्यायचा नाही, हा तिचा नियम. आणि तो तिला मीच रविवारी दोनदा बजावला होता! पुन्हा. पुन्हा. शाळेत फोन लावला, कारकून म्हणाला, “बाई नाही आल्या अजून. दिवा लागायला दहा मिनिटं आहेत.” त्यांच्याकडे घंटा नसते, दिवा लागतो. मी स्कूटर काढायला उठलो, किल्ली सापडेना. ती हातातच होती.

नऊ वाजून सात मिनिटं. फोन वाजला.

“सतरा वेळा! कोण गेलं रे?”

मी स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवली.

“अरे बोल ना! पोचले मी. शेवटचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये—”

“किल्ली काढ,” मी म्हणालो. “काढ आणि पुन्हा फिरवू नकोस.”

“का?”

“कालपाश.”

मग ताई हसली. चांगली मोठ्याने. “अगं बाई, तो तसाच राहिला होय? हे जायच्या आधी म्हणत होते खरे, ‘कालपाश पुढच्या महिन्यात.’ मला वाटलं, स्वतःबद्दल बोलतायत!”

मग ती हसायची थांबली. पाठीमागे मुलांची गडबड ऐकू येत होती. पायांचा आवाज, बाकं सरकल्याचा.

“दिवा लागला,” म्हणाली. “ठेवते.”

२४ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी ओढून आणली. मिस्त्रींनी उघडली आणि पट्टा काढून माझ्या हातात दिला. आतल्या बाजूला दात असतात, त्यातले दोन नव्हते. वाकवला तर भेगा उघडल्या, पिकलेल्या शेंगेसारख्या. “अजून किती चालला असता?” मी विचारलं. “परत घरी यायला पुरला नसता,” म्हणाले. बढाई मारणारा माणूस नाही.

मी वही दाखवून माफी मागितली. मेखलेची ती नोंद त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचली. बोट थांबलं. “साहेब, इथे पुढे अजून आहे. ‘मेखला नवी. जुनी कुरकुरत होती.’ हे का नाही वाचलंत?”

“महत्त्वाचं वाटलं नाही.”

“अहो, तेच तर महत्त्वाचं! फॅनचा पट्टा कुरकुरतो. टायमिंगचा कधी आवाज करत नाही. तुम्ही पुढचं वाचलं असतंत तर मी तिथेच ओळखलं असतं.”

सव्वीस वर्षं बातम्या छाटतो आहे. वाक्य छाटायची सवय लागली की असं होतं. पहिलं ठेवायचं, दुसरं उडवायचं.

ताई म्हणाली, “जो आवाज करत नाही त्याच्याकडे जास्त बघायचं असतं, पंडित. माझ्या वर्गात ये एकदा.”

२६ फेब्रुवारी, गुरुवार

भाच्याला कोणीतरी गाडी ओढून आणल्याचं सांगितलं. फोनवर जवळजवळ आनंदात होता. “मामा, आता तरी सांगशील ना तिला?”

केवढी सोय होती! एक वाक्य पुरलं असतं. इंजिन गेलं, ताई, वय झालं तिचं. ताईने विश्वासही ठेवला असता, पट्टा बघितला होता तिने. ७ तारखेला मला हेच वाक्य हवं होतं.

मी म्हणालो, “हे बघ बाळा. चूक गाडीची नव्हती, तुझ्या आईची तर नव्हतीच. चूक तुझ्या मामाची. पट्टा नवा घालतोय. तुझी आई माझ्यापेक्षा बरी चालवते.”

“तुला कुठे चालवता येते?”

“तेच म्हणतोय.”

मग, “पिंप पाडलं म्हणे?” — म्हणजे माय-लेकांचं बोलणं चालू आहे तर! — “ते आधीच आडवं होतं,” मी सांगितलं. तो हसला. फोन ठेवताना म्हणाला, “पोचली की रोज एक मिस्ड कॉल द्यायला सांग तिला. एवढंच.” उतरला एकदाचा तो सातवा मजला! छातीवरचं ओझं म्हणतात ते खरंच छातीवर असतं, हे आज कळलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

कालपाश नवा. मिस्त्रींनी इंजिनावर तारखेची चिठ्ठी चिकटवली. मराठीत, स्वच्छ, ‘टायमिंग बेल्ट’. माझ्याकडे बघत चिकटवली. जुना पट्टा ताईने शेडमध्ये खिळ्याला टांगला.

वहीत नोंद तिने स्वतः केली. “कालपाश नवा. पुढचा आठ वर्षांनी. तेव्हा मी सहासष्ट.” खाली शिक्षिकेच्या हाताने रेघ मारली, पट्टी लावून.

२ मार्च, सोमवार

सुट्टी घेऊन ताईच्या शेजारी बसलो, शाळेपर्यंत. वही ठेवायला कप्पा उघडला, तर फटीतली कागदाची घडी मांडीवर पडली. आमचाच पेपर. पान चार, खालचा कोपरा, सात ओळी: चौदा नंबरची बस बंद करण्याचा निर्णय मागे, फेऱ्या पूर्वीप्रमाणे चालू राहणार. तारीख ४ फेब्रुवारी. ताईचा पहिला फोन ६ ला!

मान वर केली. समोरच होती चौदा नंबर, धूर सोडत, अर्धी रिकामी. ताईने पृष्ठदर्शीत पाहिलं, दिवा दिला आणि बसला झोकात मागे टाकलं.

“काय वाचतोयस रे, पंडित?”

“काही नाही. जुना पेपर.”

घडी होती तशी केली. फटीत परत दाबून बसवली. खडखड बंद.